तोळाभर तंतु

रक्ताच्या वाहण्यावर जगांतल्या कवींनीं जितकें लिहिलें आहे तितकें एका पावसाखेरीज दुसऱ्या कोणत्याही वाहण्यावर लिहिलें नसेल. रणांगणावर तें सांडतें, तारुण्यांत तें सळसळतें, अपमानानें तें तापतें आणि कुळाच्या अभिमानांत तें बापाकडून मुलाकडे चालत येतें. पण तेंच रक्त थांबतें, या गोष्टीसाठीं कोणीं चार ओळी खर्च केल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. आणि तीस वर्षें साहित्य शिकविण्यांत घालविल्यावर ही उणीव आम्हांला थोडी चमत्कारिक वाटूं लागली आहे. विळीवर बोट कापतें, दाढी करतांना हनुवटीला पातें लागतें, मूल अंगणांत गुडघ्यावर आपटतें. थोडें रक्त येतें, आणि पांचसात मिनिटांत आपले आपण राहतें. तें असें न राहतें तर जन्माच्या वेळीं नाळ कापली जातांच मनुष्याचें चरित्र आटोपलें असतें, आणि वीररसाचीं काव्यें वाचावयास कोणी उरलें नसतें.

आमच्या लहानपणीं या थांबण्याचें श्रेय घेणारे पुष्कळ होते. आजी हळद दाबून धरी. शेतावरचा गडी दगडी पाला तळहातावर चुरून त्याचा रस पिळी. आणि माजघराच्या कोपऱ्यांतलें कोळिष्टक आणून जखमेवर बसविणाराही एखादा निघे. कोळिष्टकाचा हा उपचार इंग्लंडांतही होता. शेक्सपियरच्या ‘ए मिडसमर नाइट्स ड्रीम’ या नाटकांत बॉटम नांवाचा विणकर कोळिष्टकाचेंच नांव धारण करणाऱ्या एका चिमुकल्या यक्षाला सांगतो कीं, बोट कापलें म्हणजे तुझी आठवण करीन. हा विनोद आम्हांला दरवर्षीं वर्गांत उलगडून सांगावा लागतो, कारण कोळिष्टक आणि कापलेलें बोट यांचा संबंध आतांच्या मुलांना उरलेला नाहीं. हळदीचे किंवा पाल्याचे गुण काय असतील ते असोत. त्यांच्याखालीं रक्त स्वतःचाच धागा काढून स्वतःलाच विणीत बसलेलें असतें, ही गोष्ट मात्र आजीलाही ठाऊक नव्हती आणि त्या विणकरालाही नव्हती. त्या धाग्याचें नांव फायब्रिन. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच तंतु. तेव्हां आपण त्याला रक्ततंतु म्हटलें तरी चालेल.

हा तंतु प्रथम दिसला तो धुण्यामुळें. इटलींतील मार्चेल्लो मालपिघी यानें १६६६ सालीं हृदयांतील गुठळ्यांवर लिहितांना एक अगदीं घरगुती गोष्ट केली: त्यानें गुठळी पाण्यानें धुतली. तांबडेपणा निघून गेला, आणि जें उरलें त्याकडे सूक्ष्मदर्शकांतून पाहतांच पांढऱ्या धाग्यांचें जाळें दिसलें. रक्त म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें तांबडा रंग उभा राहतो. पण रक्त थांबविणारा पदार्थ पांढरा आहे, आणि तांबड्या कणांचा त्यांत भाग जाळ्यांत सांपडलेल्या मासळीइतकाच आहे. लंडनच्या विल्यम ह्यूसननें पुढें १७७१ सालीं हेंच दुसऱ्या वाटेनें सिद्ध केलें. त्यानें रक्तांतले तांबडे कण खालीं बसूं दिले, वरचा स्वच्छ द्रव वेगळा काढला, आणि तो द्रव एकटाच गोठला. हा ह्यूसन १७७४ सालीं वारला. वय अवघें ३४ वर्षांचें. प्रेत फाडतांना झालेली लहानशी जखम चिघळली, तेंच मरणाचें कारण झालें. रक्त कसें थांबतें हें ज्यानें जगाला सांगितलें त्याचें रक्त थांबलें असेलच. पण रक्त थांबणें आणि जखम बरी होणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यामधल्या अंतराविषयींच आम्हांला येथें लिहावयाचें आहे.

जुन्या काळीं हा तंतु वेगळा काढण्याची रीत आपल्या स्वयंपाकघरांतील वाटावी अशी होती. ताजें रक्त काटक्यांच्या जुडीनें घुसळीत. रवीला लोणी चिकटावें तसे पांढरे धागे काटक्यांना गुंडाळून येत. उरलेलें रक्त दिसावयास तसेंच लालभडक. पण तें तासभर ठेवा कीं दिवसभर ठेवा, गोठत म्हणून नाहीं.

अंगांत फिरणाऱ्या रक्तांत हा तंतु तंतूच्या रूपानें नसतो, हें आपलें भाग्य. यकृत त्याची पूर्वावस्था तयार करून रक्तांत सोडतें, तिला फायब्रिनोजेन म्हणतात. एका लिटर रक्तद्रवांत ती दोनपासून चार ग्रॅमपर्यंत विरघळलेली असते, आणि प्रौढ माणसाच्या अंगांत रक्तद्रव असतो सुमारें तीन लिटर. म्हणजे हिशेब केला तर साऱ्या देहांत फिरणारा हा माल सुमारें तोळाभर भरतो. तोळ्याचें माप आपण सोन्यापुरतेंच राखून ठेवलें आहे. अंगावरच्या तोळ्यांचा हिशेब ठेवणारे आपण, अंगांतल्या या तोळ्याची चौकशी कधीं करीत नाहीं.

फायब्रिनोजेनचा एकेक कण लांबट काडीसारखा असतो. एका मिलिमीटरांत असे वीस हजारांहून अधिक कण ओळीनें मावतील. रक्तवाहिनी फाटली म्हणजे त्या जागीं थ्रॉम्बिन नांवाचें एक कातरणारें द्रव्य जागें होतें आणि प्रत्येक काडीच्या मध्यभागावरचे चार लहानसे तुकडे कापून टाकतें. त्यांच्याखालीं झांकलेल्या खुंट्या त्यामुळें उघड्या पडतात. शेजारच्या काड्यांच्या टोकांना त्या खुंट्यांजोगीं भोंकें आधींच असतात. आणि एकीची खुंटी दुसरीच्या भोंकांत बसून काड्या आपोआप जुळूं लागतात. चांगला गवंडी विटांचे सांधे एकाखालीं एक येऊं देत नाहीं, तशाच या काड्याही अर्ध्याअर्ध्यावर सरकून बसतात. मग एक दुसरें द्रव्य येऊन त्यांना पक्के टांके घालतें. टांके घालणारें असें कांहीं रक्तांत आहे, हें लाकी आणि लोरांड या दोघां हंगेरियन शास्त्रज्ञांनीं १९४८ सालीं दाखविलें. कांहीं माणसांच्या रक्तांत हें द्रव्य जन्मतःच नसतें; त्यांचें रक्त इतरांप्रमाणेंच थांबतें, आणि घरचीं माणसें निश्चिंत झालीं कीं दुसऱ्या दिवशीं पुन्हा वाहूं लागतें. थ्रॉम्बिन कसें जागें होतें त्याची साखळी पुष्कळ लांब आहे. तिच्यांतील घटक रोमन आंकड्यांनीं ओळखले जातात, आणि त्यांत सहावा आंकडा मुळींच नाहीं. एकदां दिलेला तो पुढें काढून घेण्यांत आला. ती साखळी येथें मांडण्याचा आमचा विचार नाहीं. वैद्यकाचे विद्यार्थी ती परीक्षेपूर्वीं पाठ करतात व नंतर विसरतात, असें आमच्या एका भाच्याकडून कळतें.

या धाग्याचा चिवटपणा मात्र सांगण्यासारखा आहे. २००६ सालीं अमेरिकेंत कांहीं संशोधकांनीं एकेक धागा धरून ताणून पाहिला. तो आपल्या मूळ लांबीच्या तिपटीहून अधिक ताणला गेल्यावरच तुटला. पोलादाची तार इतकी ताणत नाहीं, आणि सुताची तर गोष्टच नको. आंतून नाडीचा ठोका सारखा धक्के देत असतां फाटक्या वाहिनीवर बसून राहावयाचें म्हणजे असाच धागा हवा. त्यांत रक्तांतील प्लेटलेट नांवाचे सूक्ष्म तुकडे या धाग्यांना धरून आंत ओढूं लागतात. गुठळी आवळत जाते, पाणी पिळून निघतें, आणि आंत सांपडलेल्या वाटोळ्या तांबड्या पेशी एकमेकींवर इतक्या दाबल्या जातात कीं त्यांना मधमाशांच्या पोळ्यांतील घरांप्रमाणें कोन येतात.

हा तोळाभर माल अंगांतून नाहींसा झाला म्हणजे काय होतें, तें आम्हीं एकदां डोळ्यांनीं पाहिलें आहे. २००९ सालच्या नोव्हेंबरांत आम्ही रत्नागिरी जिल्ह्यांत आमच्या मामांकडे गेलों होतों. कातळावर गवत कापतांना आमच्या धाकट्या मामेभावाच्या हाताला फुरसें चावलें. फुरसें म्हणजे हातभर लांबीचें, मातकट, दगडाखालीं वेटोळें करून बसणारें. कोंकणांत त्याला नागाइतका मान नाहीं, पण भीति तितकीच आहे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांत पोहोंचेपर्यंत सायंकाळ झाली. हात कोपरापर्यंत सुजला होता. ड्यूटीवर एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनीं दुसऱ्या हातांतून थोडें रक्त काढलें, दोन मिलिलिटर रक्त एका स्वच्छ कोरड्या कांचेच्या नळींत घातलें, नळी टेबलावर उभी करून ठेवली, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून म्हणाल्या, “वीस मिनिटं कोणी हात लावू नका.”

एवढ्या काळजीच्या प्रसंगीं एक नळी टेबलावर ठेवून सर्वांनीं तिच्याकडे पाहत बसावें, हें मामांना पटेना. ते दोनतीनदां उठले, दारापर्यंत गेले, परत आले. आम्ही त्या नळीकडे जसे एकटक पाहत होतों तसें आम्हीं आयुष्यांत कोणत्याही ग्रंथाकडे पाहिलेलें नाहीं. वीस मिनिटांनीं बाईंनीं नळी तिरपी केली. रक्त पाण्यासारखें एका बाजूनें वाहून आलें.

त्यांनीं तेव्हां जें सांगितलें त्याचा सारांश असा. फुरशाचें विष रक्त पातळ करतें ही लोकसमजूत अर्धी खरी आहे. तें विष प्रथम रक्त गोठवूं लागतें. जखम एका बोटावर, आणि थ्रॉम्बिन मात्र साऱ्या अंगांत जागें होतें. जेथें गरज नाहीं तेथें तेथें कच्चे धागे विणले जातात व तुटून जातात, आणि कोठारांतला माल संपतो. लग्नाच्या आधींच गांवभर पंगती बसवाव्या आणि मुहूर्ताच्या दिवशीं कोठींत तांदूळ नसावा, तशी अवस्था होते. मग हिरडी सुटली, आंतून कोठें रक्त झिरपूं लागलें, तर थांबविणार कशानें? सर्पविषावरची लस विषाला बांधून टाकते, पण हरवलेला धागा ती आणून देत नाहीं. तो नव्यानें करून देणें यकृताच्या हातीं असतें, आणि त्याला वेळ लागतो. म्हणून लस दिल्यावर पुढची नळी सहा तासांनीं.

मध्यरात्रीनंतरची नळीही वाहिली. मामेभावाच्या दांतांना रक्त दिसूं लागलें होतें. पुन्हा लस देण्यांत आली. सकाळीं आठ वाजतां बाईंनीं तिसरी नळी उचलली, हळूच तिरपी केली, मग सरळ उलटी धरली. रक्त तळाला घट्ट बसून राहिलें. मामांनीं त्या नळीला हात जोडले, आणि दारांत उभ्या असलेल्या मामी रडतां रडतां म्हणाल्या, “धरलंन् हो एकदाचं!” रक्तांतल्या या सगळ्या व्यवहाराचें याहून नेमकें वर्णन आम्हांला पुढें कोणत्याही पुस्तकांत मिळालें नाहीं.

दंशाची जखम भरावयास मात्र महिना लागला, आणि येथें या धाग्याचें दुसरें काम सुरू होतें. रक्त थांबल्यावर हें जाळें नुसतें बूच म्हणून राहत नाहीं. त्याच्यावरून आधीं पांढऱ्या पेशी फिरूं लागतात व घाण उचलतात. मग नवें मांस घडविणाऱ्या पेशी धाग्यांना धरून आंत चढतात, बारीक रक्तवाहिन्यांचे कोंब त्यांत शिरतात. इमारतीला परांची बांधावी तशी ही परांची आहे. पेशी पुढें सरकतात तशा त्या मागचे धागे तोडीत येतात आणि त्यांच्या जागीं कोलॅजेन नांवाचा टिकाऊ पदार्थ भरतात. कातडीच्या पेशींचें काम तर आणखी नाजूक. वरचा थर वाळून खपली झालेला असतो. त्या खपलीच्या खालून, ओल्या धाग्यांतून वाट कापीत, दोन्ही कडांकडून त्या एकमेकींकडे येतात. खपली पडते ती वाळली म्हणून नव्हे; खालून तिचा संबंध कापला गेला म्हणून. मुलांनीं खपली उचकटूं नये असें आया सांगतात तें याचसाठीं योग्य आहे. तिच्याखालीं काम चाललेलें असतें, आणि तें संपल्याची वर्दी खपली स्वतःच देते.

धागे तोडण्याचें हें काम प्लास्मिन नांवाचें द्रव्य करतें. आम्हांला या साऱ्या रचनेंत सर्वांत विलक्षण वाटतें तें हें कीं, प्लास्मिनची निद्रित अवस्था जाळें विणलें जात असतांनाच त्या धाग्यांवर येऊन बसते. भिंत बांधतांनाच ती पाडणाऱ्याला तिच्या विटांत निजवून ठेवावें, आणि रक्तवाहिनीच्या अस्तराकडून निरोप येतांच त्यानें उठून कामाला लागावें, असा हा प्रकार आहे.

विणणें आणि उकलणें यांत अधिक महत्त्वाचें कोणतें, असा प्रश्न कोणी केला असता तर आम्हीं विचार न करतां विणणें असें उत्तर दिलें असतें. परंतु अमेरिकेंतील सिनसिनाटी येथील संशोधकांनीं १९९६ सालीं हा प्रश्न उंदरांना विचारून पाहिला. ज्या उंदरांत प्लास्मिनचें मूळच नव्हतें, ते झुरत जात, त्यांच्या आंतड्यांत व्रण पडत, आणि कातडीला केलेली जखम कित्येक दिवस भरत नसे. मग त्यांनीं असे उंदीर निर्माण केले कीं ज्यांच्यांत प्लास्मिन तर नाहींच, पण रक्ततंतुही नाहीं. दोन व्यंगें एकत्र आल्यावर प्राणी अधिकच दुबळा व्हावा. पण झालें उलट. उंदीर धडधाकट झाले, आणि जखमा जवळजवळ नेहमींच्या मुदतींत मिटल्या. धागा मुळींच नसेल तर रक्तस्रावाचें भय असतें, जखमही थोडी वेडीवांकडी भरते, पण भरते. धागा येऊन बसला आणि हलेनासा झाला, तर मात्र ती भरत नाहीं. माणसांतही क्वचित् असें व्यंग आढळतें: प्लास्मिनची पूर्वावस्था पुरेशी नसलेल्या मुलांच्या पापण्यांच्या आंतल्या बाजूला या तंतूचे थरावर थर साचून लाकडासारखे टणक पापुद्रे बनतात, आणि शस्त्रानें काढले तरी पुन्हा येतात. जखम भरण्यास फायब्रिन अत्यावश्यक, असें जें वाक्य शाळेच्या पुस्तकांतून सरसकट छापलेलें असतें, त्याला ‘आणि तितकेंच त्याचें वेळेवर जाणें’ ही पुस्ती जोडल्यावांचून तें मुलांच्या हातीं देऊं नये, असें आमचें मत आहे.

या उकलण्याचें एक इंग्रजी नांव २०२० व २०२१ सालीं महाराष्ट्रांतल्या घराघरांत जाऊन पोहोंचलें. करोनाच्या त्या दोन वर्षांत डी-डायमर हा शब्द ज्यांनीं उच्चारला नाहीं अशीं कुटुंबें आमच्या ओळखींत थोडीं आहेत. आंकडा वाढला कीं घर काळवंडे, उतरला कीं चहा होई. पण तो आंकडा कशाचा, हें सांगावयास तेव्हां डॉक्टरांना सवड नव्हती. तो या धाग्याच्या तुकड्यांचा होता. प्लास्मिन जाळें कापीत सुटलें तरी शेजारशेजारच्या काड्यांच्या टोकांना घातलेला पक्का टांका त्याला तुटत नाहीं. म्हणून शेवटीं टांक्यानें जोडलेल्या टोकांची जोडी उरते. ती डी-डायमर. ती रक्तांत पुष्कळ सांपडली, तर अंगांत कोठें तरी धागा विणला गेला, टांका पडला, आणि तो उकलला जात आहे, एवढें तिच्यावरून कळतें. कोठें, तें ती सांगत नाहीं. त्यांत एक प्रयोगशाळा ०.८ असें लिही व दुसरी ८००. मोजण्याच्या परिमाणाचा हा फरक, पण तेवढ्यानें रात्रभर जागलेलीं माणसें आम्हांला ठाऊक आहेत.

२०२१ सालच्या मेमध्यें आमचे वडील बंधु नाशिकला रुग्णालयांत होते. दवाखान्यांत आम्हांला शिरकाव नव्हता. वहिनी रोज सायंकाळीं फोनवर आंकडा विचारून घेत व शाळेच्या एका जुन्या वहींत लिहीत, आणि आम्हांला कळवीत. नवव्या दिवशीं तो ४२०० झाला. छातीच्या तपासणींत फुप्फुसाकडे जाणाऱ्या एका वाहिनींत गुठळी दिसली. ज्या तंतूनें आमच्या मामेभावाच्या अंगांत यावें म्हणून मामा रात्रभर येरझारा घालीत होते, तोच येथें नको त्या जागीं येऊन बसला होता.

गुठळी विरघळविणारीं औषधें आहेत. कांहीं रोगजंतु रक्ततंतु विरघळवूं शकतात, हें टिलेट आणि गार्नर यांनीं १९३३ सालीं दाखविलें, आणि त्या जंतूंपासून काढलेलें स्ट्रेप्टोकायनेज वेळींच दिल्यास हृदयविकाराच्या झटक्यांतील मृत्यूंचें प्रमाण कमी होतें, हें इटलींतील अकरा हजारांहून अधिक रोग्यांवर केलेल्या परीक्षेंत १९८६ सालीं सिद्ध झालें. परंतु असलें औषध नको ती गुठळी आणि हवी ती गुठळी असा भेद करीत नाहीं. मेंदूंत रक्तस्राव होण्याचा धोका असतो. दादांचा रक्तदाब टिकून होता, म्हणून डॉक्टरांनीं तें दिलें नाहीं. त्यांनीं हेपारिनचीं इंजेक्शनें चालू ठेवलीं. हेपारिन कांहीं विरघळवीत नाहीं. तें फक्त नवा धागा विणूं देत नाहीं. जुना धागा उकलण्याचें काम दादांच्या अंगांतल्या त्या निजलेल्या मजुरांवरच सोपविलेलें होतें. हें आम्हीं भाच्याकडून समजून घेतलें तेव्हां आम्हांला धीर आला असें म्हणवत नाहीं. आपल्या माणसाच्या रक्तावर विश्वास ठेवून दूर बसावें लागणें फार अवघड असतें.

दादा तेविसाव्या दिवशीं घरीं आले. पुढें तीन महिने गोळ्या होत्या. त्या काळांत वहिनींनीं त्यांना विळीजवळ येऊं दिलें नाहीं, आणि दाढीचें पातें आपल्या कपाटांत कुलपांत ठेवलें. ऑगस्टच्या अखेरीस पुन्हा तपासणी झाली. वाहिनी मोकळी होती. “मग ती गुठळी गेली कुठं?” दादांनीं आम्हांला विचारलें. हिशेबनीसाच्या नोकरींत जन्म गेल्यामुळें जमेची वस्तु खर्चीं कोठें पडली हें कळल्यावांचून त्यांचें समाधान होत नाहीं. तुकड्यांचे आणखी तुकडे होऊन त्यांतलीं अमिनो आम्लें शरीरानें पुन्हा कामाला लावलीं असतील, कदाचित् नव्या फायब्रिनोजेनमध्येंही गेलीं असतील, असें आम्हीं सांगितलें. “म्हणजे फिरतीवर आहे तर,” असें म्हणून त्यांनीं पान उलटलें. ते वर्तमानपत्र वाचीत होते.

आंकड्यांची ती वही वहिनींच्या स्वयंपाकघरांत अजून आहे. शेवटचा आंकडा ३१० आहे. त्याच्याखालीं रेघ मारून त्याच पानावर त्यांनीं सप्टेंबरच्या दुधाचा हिशेब लिहिला आहे.